ठिपका दिसल्यापासून ‘फायर’पर्यंत: हवाई संरक्षणाचं कमांड अँड कंट्रोल कसं चालतं

एक क्रूझ क्षेपणास्त्र जमिनीपासून २५ मीटर उंचीवरून, सेकंदाला २५० मीटर वेगाने येतंय. आपल्या रडारची अँटेनाही २५ मीटर उंच मनोऱ्यावर बसवलेली आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे ते क्षेपणास्त्र क्षितिजाच्या वर डोकं काढेपर्यंत रडारला दिसणार नाही. किती अंतरावर दिसेल याचा हिशोब तोंडी करता येतो. दोन्ही उंचींची मीटरमध्ये वर्गमुळं काढायची, त्यांची बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं. पाच आणि पाच दहा, म्हणजे साधारण ४१ किलोमीटर. सपाट मैदानावर जमिनीवरचं रडार कितीही ताकदीचं आणलं तरी हा आकडा फारसा हलत नाही. एवढं अंतर कापायला त्या क्षेपणास्त्राला १६४ सेकंद लागतात.

आता आपल्याकडचं अडवणारं क्षेपणास्त्र, म्हणजे इंटरसेप्टर, सरासरी सेकंदाला ७०० मीटर जातं असं धरू. दिसल्यापासून ६० सेकंदांत ते सुटलं, तर शत्रूचं क्षेपणास्त्र तेव्हा २६ किलोमीटरवर असतं आणि दोघांची गाठ साधारण १९ किलोमीटरवर पडते. नेम चुकला, तर ‘लागलं की नाही’ हे बघायला १० सेकंद घेऊनही दुसरा वार १२ किलोमीटरवर आणि तिसरा ७ किलोमीटरवर करता येतो. हाच निर्णय घ्यायला १२० सेकंद लागले, तर पहिली गाठच ८ किलोमीटरवर पडते. दुसरी संधी मिळाली तर ४ किलोमीटरवर, आणि तिसरी मिळत नाही. इंटरसेप्टर तोच, रडारही तेच. फरक पडला तो मधल्या एका मिनिटाने, आणि ते मिनिट ज्या यंत्रणेत खर्च होतं तिलाच कमांड अँड कंट्रोल म्हणतात.

बातम्यांमध्ये लाँचर दिसतात, धुराचे लोट दिसतात. पण गेल्या ऐंशी वर्षांतले या क्षेत्रातले अपघात काढून पाहिले तर क्षेपणास्त्राचं इंजिन किंवा स्फोटक बिघडलं म्हणून झालेला घोटाळा क्वचित सापडतो. घोटाळा होतो तो घड्याळात, क्रमांकात, उत्तर दिशेत आणि तुटलेल्या संपर्कात. म्हणून तिकडेच जरा तपशिलात पाहू.

ठिपक्याचा ट्रॅक होतो तेव्हा

रडारला विमान दिसत नाही, त्याला परतलेला प्रतिध्वनी मिळतो. एका फेरीतल्या अशा एका नोंदीला प्लॉट म्हणतात. पक्ष्यांचे थवे, पवनचक्क्यांची पाती, हमरस्त्यावरचे ट्रक, पावसाचे ढग या सगळ्यांचेही प्लॉट होतात. त्यामुळे एका ठिपक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ‘पाच फेऱ्यांत किमान तीन वेळा दिसला पाहिजे’ अशासारखा नियम लावलेला असतो. तो पूर्ण झाला की संगणक त्या ठिपक्यांची माळ करतो, तिला दिशा, वेग आणि क्रमांक देतो. हा झाला ट्रॅक. रडार पाच सेकंदांत एक फेरी मारत असेल तर तीन नोंदी हाती यायला दहा सेकंद जातात. म्हणजे १६४ मधले दहा इथेच संपले. नियम ढिला केला तर ट्रॅक लवकर तयार होतात, पण कावळ्यांचेही होतात.

ट्रॅक झाल्यावर संगणक पुढच्या फेरीत लक्ष्य कुठे असेल याचा अंदाज बांधतो आणि त्या जागेभोवती एक खिडकी आखतो. खिडकीत ठिपका पडला की तो आधीच्या माळेत ओवला जातो आणि अंदाज सुधारतो. नाही पडला, तर काही फेऱ्या ट्रॅक अंदाजावरच पुढे ढकलला जातो. ऑपरेटरला ही गोष्ट माहीत असावी लागते. पडद्यावर शांतपणे सरकणारी खूण दर वेळी ‘दिसणारी’ असते असं नाही. कधीकधी ते नुसतं गणित असतं, आणि विमान केव्हाच वळलेलं असतं.

चार रडार, एक विमान, चार खुणा

एकाच रडारवर भिस्त ठेवली तर डोंगराआडून येणारं काही दिसत नाही, म्हणून अनेक रडार जोडतात. आणि जोडले की खरी डोकेदुखी सुरू होते. एका रडारची उत्तर दिशा १ अंशाने चुकलेली असेल, तर १०० किलोमीटरवरचं विमान तो पावणेदोन किलोमीटर बाजूला दाखवतो. दुसरा रडार त्याला योग्य जागी दाखवतो. संगणकाला ही दोन विमानं वाटतात. एकाची दोन झाली तर एका लक्ष्यावर दोन ठिकाणांहून मारा होतो आणि इंटरसेप्टर वाया जातात. याची भीती वाटून जोडणीचा नियम सैल केला तर उलटं होतं. जवळजवळ उडणारी दोन विमानं एकच मानली जातात, आणि दुसऱ्यावर कुणीच नेम धरत नाही. हे दुसरं जास्त घातक, कारण पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत असतं.

हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. १९४० मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे चेन होम रडार अंतर बरं सांगत, दिशा मात्र ढोबळ. एकाच हल्ल्याची खबर दोन केंद्रांवरून वेगवेगळ्या जागांची येई. त्यासाठी बेंटली प्रायरी इथल्या, लढाऊ विमानदलाच्या मुख्यालयात एक स्वतंत्र ‘फिल्टर रूम’ होती. सगळ्या खबरा आधी तिथे टेबलावर मांडायच्या, दोन केंद्रांनी सांगितलेली अंतरं जिथे छेदतात ती जागा खरी मानायची, आणि हे गाळून उरलेलंच पुढे लढाऊ विमानांच्या नियंत्रकांना द्यायचं. ते रडार समुद्राकडेच बघत, त्यामुळे विमानं किनारा ओलांडून आत आली की दुर्बिणी घेऊन बसलेल्या निरीक्षकांच्या फोनवरच सगळी मदार.

त्या टेबलांवरची एक युक्ती आजही शिकवण्यासारखी आहे. भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी पाच-पाच मिनिटांच्या लाल, पिवळ्या आणि निळ्या पट्ट्यांत रंगवलेली होती. मिनिटकाटा ज्या रंगावर असेल त्या रंगाची सोंगटी टेबलावर ठेवायची. वरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळायचं, ही खबर आत्ताची आहे की शिळी. आजच्या यंत्रणेत प्रत्येक ट्रॅकला वेळेचा शिक्का आणि दर्जाचा आकडा चिकटलेला असतो, तो याच सोंगट्यांचा वारस. नाटो देशांच्या लिंक-१६ या रेडिओ जाळ्यात हा दर्जा ० ते १५ असा मोजतात, आणि ज्याच्याकडे त्या लक्ष्याचा सर्वांत चांगला दर्जा आहे त्यानेच ते जाळ्यावर कळवायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं असा नियम आहे. त्या जाळ्यात एका सेकंदाचे १२८ तुकडे पाडलेले असतात, आणि कुणी कुठल्या तुकड्यात बोलायचं ते आधी ठरलेलं असतं. सगळे एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू येणार नाही.

क्रमांक एकच राहणं किती महत्त्वाचं असतं हे ३ जुलै १९८८ रोजी दिसलं. त्या दिवशी अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ युद्धनौकेने इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं प्रवासी विमान पाडलं आणि २९० माणसं गेली. विमान उंची घेत होतं. नौकेच्या स्वतःच्या यंत्रणेतली नोंदही तेच सांगत होती. तरीही नियंत्रण कक्षात ते खाली येतंय अशी हाकाटी झाली. चौकशीने मुख्य दोष माणसांवरच्या ताणाला दिला. नंतरच्या विश्लेषणांत आणखी एक धागा पुढे आला. त्या विमानाला व्हिन्सेन्सने ४४७४ हा क्रमांक दिला होता आणि दुसऱ्या नौकेने ४१३१. जोडणीत ४१३१ कायम राहिला. मोकळा झालेला ४४७४ दूरवरच्या एका लष्करी विमानाला दिला गेला, आणि ते विमान खरोखरच खाली उतरत होतं. ‘४४७४ काय करतंय?’ या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं, फक्त ते दुसऱ्याच विमानाचं होतं.

आपला की परका?

ओळख पटवण्याचं मुख्य साधन म्हणजे आयएफएफ, म्हणजे ‘आयडेंटिफिकेशन, फ्रेंड ऑर फो’. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्‌झवर प्रश्न जातो, विमानातला ट्रान्सपाँडर, म्हणजे आपोआप उत्तर देणारा रेडिओ, १०९० मेगाहर्ट्‌झवर उत्तर देतो. नागरी विमान चार आकडी कोड सांगतं, लष्करी विमान सांकेतिक भाषेत उत्तर देतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. आयएफएफ फक्त ‘मी तुमचाच’ एवढंच सांगू शकतं. उत्तर आलं नाही याचा अर्थ शत्रू असा होत नाही. ट्रान्सपाँडर बंद असेल, बिघडलेला असेल, किंवा त्यात कालचीच सांकेतिक किल्ली राहिली असेल. म्हणून सोबत बाकीचे पुरावे जोडतात. ठरवून दिलेल्या हवाई मार्गिकेतून येतंय का, उड्डाणाच्या नोंदीत आहे का, वेग आणि उंची कशाशी जुळते, रेडिओवर हाक मारली तर ओ देतंय का. मग त्यावर शिक्का बसतो: अज्ञात, बहुधा आपलं, आपलं, तटस्थ, संशयित किंवा शत्रू.

२३ मार्च २००३ रोजी कुवेतच्या सीमेजवळ हवाई संरक्षणाची पॅट्रिअट क्षेपणास्त्रं चालवणाऱ्या अमेरिकी तुकडीने मोहिमेवरून परतणारं ब्रिटिश टॉर्नेडो लढाऊ विमान पाडलं, त्यातले दोघेही ठार झाले. ब्रिटिश चौकशीत कारणांची माळच निघाली. विमानाचं आयएफएफ उत्तर देत नव्हतं. पॅट्रिअटच्या संगणकात ‘रडारचाच वेध घेत येणारं क्षेपणास्त्र’ ओळखण्याची व्याख्या इतकी ऐसपैस होती की खाली उतरणारं विमानही तिच्यात बसलं. तुकडीची संपर्क साधनं अजून वाटेत होती, त्यामुळे वरच्या केंद्राकडचं मोठं चित्र तिला मिळत नव्हतं. यातली कुठलीही एक कडी तुटली असती तरी विमान वाचलं असतं.

आपल्याकडे २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामला हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. त्यात हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं.

परवानगीच्या तीन पायऱ्या

गोळी झाडायची मुभा किती सैल सोडायची, हे आधीच ठरवून सर्व तुकड्यांना कळवलेलं असतं. नाटोच्या पद्धतीत त्याच्या तीन पायऱ्या आहेत. ‘होल्ड’ म्हणजे स्वतःवर हल्ला झाला किंवा वरून थेट हुकूम आला तरच. ‘टाइट’ म्हणजे शत्रू असल्याची खात्री पटली तरच. ‘फ्री’ म्हणजे आपलं असल्याची खात्री नाही अशा कशावरही. शेवटच्या दोहोंतला फरक शब्दांचा वाटतो, पण पुराव्याचा भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो. ‘टाइट’मध्ये अज्ञात विमान वाचतं, ‘फ्री’मध्ये अज्ञात विमान पडतं. म्हणून ‘फ्री’ सहसा ठरावीक क्षेत्रापुरतं आणि ठरावीक वेळेपुरतंच देतात, आणि आपल्या वैमानिकांना ते कळलंय याची आधी खातरजमा करतात.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्र सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने येत असताना माणसाने माणसाला विचारत बसणं परवडत नाही. तिथे क्रम उलटा ठेवतात. संगणक मारा ठरवतो, उलटी मोजणी सुरू होते, आणि माणसाच्या हातात फक्त ‘थांब’ हे बटण असतं. कागदावर यातही माणूस निर्णयात आहे. पण दहा सेकंदांत, डोळ्यांसमोर तेच चित्र असताना, तो संगणकाला कशाच्या जोरावर खोटं ठरवणार? माझ्या मते स्वयंचलित यंत्रणांबद्दलच्या चर्चेत हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो.

कुणी मारायचं, आणि मारायचं का

लक्ष्य वाटून देताना संगणक बघतो ते असं. कुठली बॅटरी, म्हणजे रडार आणि लाँचर असलेली तुकडी, वेळेत पोचू शकते, तिच्याकडे किती इंटरसेप्टर उरलेत, लक्ष्य कशावर चालून येतंय, पाडल्यावर तुकडे कुठे पडतील. एका इंटरसेप्टरची यशाची शक्यता ८० टक्के असेल तर दोन सोडल्यावर ती ९६ होते. दोन्ही एकदम सोडायचे की एक सोडून, निकाल बघून, मग दुसरा? दुसरी पद्धत साठा वाचवते, पण तिला वेळ लागतो, आणि तो वेळ सुरुवातीच्या त्या १६४ सेकंदांतूनच यावा लागतो. निर्णय जलद झाला की साठा वाचतो, तो असा.

इस्रायलच्या आयर्न डोमची खरी करामतही इथेच आहे. रॉकेट दिसताच ते कुठे पडणार याचं गणित होतं. मोकळ्या रानात पडणार असेल तर त्याला सोडून देतात. न मारण्याचा निर्णय हा सगळ्यांत स्वस्त निर्णय. स्वस्त ड्रोनचे थवे आल्यापासून या हिशोबाला आणखी धार आलीय. महागडा इंटरसेप्टर ड्रोनवर खर्च झाला की मागून येणाऱ्या खऱ्या क्षेपणास्त्रासाठी लाँचर रिकामा राहतो, आणि हल्ला करणाऱ्याला बऱ्याचदा नेमकं हेच हवं असतं.

पूर्वी प्रत्येक बॅटरीचं रडार, नियंत्रण गाडी आणि लाँचर असा बंद संसार असायचा. रडार गेलं की लाँचर आंधळे. आता कुठल्याही रडारच्या नोंदीवर कुठल्याही लाँचरने मारा करावा अशी जोडणी होतेय. अमेरिकेची आयबीसीएस ही यंत्रणा याच कल्पनेवर उभी आहे. भारतात हवाई दलाची आयएसीसीएस आणि लष्कराची आकाशतीर, दोन्ही भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या, वेगवेगळ्या रडारांचं चित्र एकत्र करण्याचं काम करतात. फायदा उघड आहे. तोटा असा की उत्तर दिशेतली किंवा घड्याळातली एका ठिकाणची चूक आता सगळ्यांच्या पडद्यावर पोचते.

संपर्क तुटला तर

बॅटरीचा वरच्या केंद्राशी संपर्क तुटणार हे धरूनच चालायचं असतं. शत्रू रेडिओ संपर्कात अडथळा आणतो (जॅमिंग), केबल तुटते, गाडी जागा बदलत असते. अशा वेळी काय करायचं ते आधी लिहून ठेवलेलं हवं. मुभा किती, किती वेळ थांबायचं, कुठल्या दुसऱ्या मार्गाने विचारायचं. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानजवळ युक्रेनचं पीएस-७५२ हे प्रवासी विमान पाडलं गेलं, १७६ जण मेले. इराणच्या अहवालानुसार मारा करणाऱ्या गाडीने जागा बदलली होती, पण नव्या जागी तिच्या रडारची उत्तर दिशा पुन्हा जुळवलीच नव्हती. चूक एक-दोन नव्हे, १०७ अंशांची. विमानतळावरून नुकतंच उडालेलं विमान ऑपरेटरला नैऋत्येकडून शहरावर चालून येणारं लक्ष्य वाटलं. त्याने केंद्राला कळवायचा प्रयत्न केला, निरोप पोचला नाही, आणि परवानगीची वाट न पाहता त्याने क्षेपणास्त्र सोडलं.

गाडी नव्या जागी लावल्यावर दिशा जुळली का, याची पडताळणी फार साधी असते. ज्याचा ठावठिकाणा पक्का माहीत आहे असं एखादं विमान घ्यायचं, आणि आपल्या पडद्यावर ते त्याच जागी दिसतंय का बघायचं. दोन मिनिटांचं काम. घाईत पहिल्यांदा तेच गळतं.

घड्याळ

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरानला इराकी स्कड क्षेपणास्त्र बराकीवर आदळलं आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. तिथल्या पॅट्रिअटने इंटरसेप्टर सोडलाच नाही. संगणक वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजायचा, आणि ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. २४ बिटांत ती कापली की दर टिकीला, म्हणजे सेकंदाच्या दर दशांशाला, ०.०००००००९५ सेकंदाची तूट राहते. बॅटरी सलग १०० तास चालू होती, म्हणजे ३६ लाख टिक्या. एकूण तूट सुमारे ०.३४ सेकंद. एवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. रडारने पुढची खिडकी चुकीच्या जागी उघडली, तिथे काही नव्हतं, आणि पहिली नोंद खोटी समजून टाकून दिली गेली.

गंमत अशी, की तूट सगळीकडे सारखी असती तर दोन वेळांच्या वजाबाकीत ती उडून गेली असती. पण अचूक रूपांतराची दुरुस्ती प्रोग्राममध्ये काही ठिकाणी केली होती, काही ठिकाणी राहून गेली होती. दोष आधी कळलेलाही होता. ‘फार वेळ सलग चालवू नका’ अशी सूचना तुकड्यांना गेली होती, पण फार वेळ म्हणजे किती तास ते तिच्यात नव्हतं. संगणक बंद करून पुन्हा चालू केला असता तरी घड्याळ शून्यावर आलं असतं. दुरुस्त प्रोग्राम धाहरानला पोचला तो २६ तारखेला.

खोटा हल्ला

न दिसण्याइतकंच नसलेलं दिसणंही महागात पडतं. ३ जून १९८० रोजी अमेरिकेच्या इशारा यंत्रणेच्या पडद्यांवर येणाऱ्या क्षेपणास्त्रांचे आकडे झळकू लागले. दोन, मग दोनशे वीस, मग आणखी काही. बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांना इंजिनं सुरू करायला लावली गेली. पण रडार आणि उपग्रह चालवणाऱ्यांना थेट विचारलं तेव्हा त्यांना काहीच दिसत नव्हतं. दोष होता संदेश पाठवणाऱ्या यंत्रातल्या ४६ सेंट किमतीच्या एका चिपचा. संपर्काची लाइन जिवंत आहे हे तपासायला सतत चाचणी संदेश जायचे, आणि त्यांचा साचा अगदी खऱ्या हल्ल्याच्या संदेशाचाच होता. फक्त क्षेपणास्त्रांच्या संख्येच्या जागी शून्य. बिघडलेल्या चिपने काही शून्यांच्या जागी दोन टाकले. त्यानंतर चाचणी संदेशाचा साचा बदलला गेला.